शाळेत माजी सैनिकाचा सत्कार : तयारी कशी करावी, कुठं बिनसतं

तेरणाकाठ

जिल्हा परिषदेच्या शाळांत माजी सैनिकांना बोलावून सत्कार करायची पद्धत मराठवाड्यात आता चांगली रुजली आहे. पण बहुतेक ठिकाणी गाडी शाल, श्रीफळ आणि फोटो यांवर येऊन थांबते. सतरा-वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस तासभर खुर्चीवर बसून घरी जातो. तो कुठल्या पलटणीत होता, तिथं त्याचं काम काय होतं, हे सहावीतल्या पोरांना शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून हा धागा. ज्यांना यातलं नेमकं माहीत आहे त्यांनी भर घालावी.

सुरुवात कागदापासून करा. कार्यक्रमाच्या किमान पंधरा दिवस आधी एक शिक्षक आणि तीन-चार विद्यार्थी यांनी त्यांच्या घरी जावं आणि डिस्चार्ज बुक (सेवामुक्त होताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक) दाखवायची विनंती करावी. भरतीची तारीख, सेवामुक्तीची तारीख, हुद्दा, रेजिमेंट किंवा कोअर (सिग्नल्स, इंजिनिअर्स यांसारखी शाखा), मिळालेली पदकं हे सगळं तिथं एका जागी सापडतं. पन्नास वर्षांपूर्वीची सालं तोंडी विचारली तर मागंपुढं होतात. मग सूत्रसंचालक १९६५ चं युद्ध १९७१ मध्ये नेऊन ठेवतो आणि समोर बसलेला माणूस संकोचानं गप्प राहतो.

डिस्चार्ज बुकचा फोटो काढू नका. हवं तेवढं वहीत लिहून घ्या. सैन्य क्रमांक, जन्मतारीख, पेन्शनच्या आदेशाचा (पीपीओ) क्रमांक यांतलं काही शाळेच्या ग्रुपवर गेलं तर पेन्शनच्या फसवणुकीला वाट मोकळी होते.

दुसरी चूक हुद्द्याची. गावात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला 'मेजर' म्हणतात. ते मायेचं बोलणं आहे, तोंडी खुशाल राहू द्या. पण बॅनरवर हवालदाराला मेजर लिहिलं की त्यांची पंचाईत होते, कारण मेजर हा अधिकाऱ्याचा हुद्दा आहे. चढता क्रम असा: शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. शिपायालाच तोफखान्यात गनर म्हणतात, इंजिनिअर्समध्ये सॅपर आणि सिग्नल्समध्ये सिग्नलमन. रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये शिपायाचा सवार होतो, हवालदाराचा दफादार आणि सुभेदाराचा रिसालदार. नौदल आणि हवाई दलाची नावं आणखी वेगळी, उदाहरणार्थ पेटी ऑफिसर, सार्जंट. डिस्चार्ज बुकात जे असेल तेच लिहा. नावाआधी हुद्दा आणि नावानंतर कंसात 'निवृत्त'. 'निवृत्त सुभेदार अमुक' असं लिहायचं नसतं, कारण निवृत्त माणूस होतो, हुद्दा नव्हे. कुणाला मानद नायब सुभेदार किंवा मानद कॅप्टन हा हुद्दा मिळाला असेल तर 'मानद' हा शब्द गाळू नका.

सिंदफणा

तारखेचं आधी बघा. बीडकडं दिवाळीच्या सुमारास अर्धं गाव ऊसतोडीला जातंय, लेकरं बी संगं जातेत. त्यामुळं ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वज दिन आणि १६ डिसेंबरचा विजय दिवस दोन्ही शाळा निम्मी रिकामी असताना येतेत. १४ जानेवारी हा सशस्त्र सेना माजी सैनिक दिन. फिल्ड मार्शल करिअप्पा १९५३ मध्ये त्याच तारखेला निवृत्त झाले, म्हणून तो दिवस ठरला. पण आपल्याकडं नेमकी तेव्हाच संक्रांत असती. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला कवायत, बक्षिसं, पुढाऱ्यांची भाषणं यांत सैनिकाच्या वाट्याला दोन मिनिटं येतेत.

२६ जुलै, कारगिल विजय दिवस, आपल्याकडं सगळ्यात सोयीचा. शाळा सुरू होऊन महिना झालेला असतो, पेरणी उरकलेली असती, ऊसतोडीवाले घरी असतेत. पाऊस मात्र धरून चाला, कार्यक्रम व्हरांड्यात किंवा वर्गात घ्या. डिसेंबरातच करायचा असंल तर नोव्हेंबरात माजी सैनिकांच्या मागं लागू नका, तेव्हा पेन्शनसाठीच्या हयातीच्या दाखल्यासाठी धावपळ चालू असती.

कयाधू

पदकांवर सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथंच होतात.

पदकं छातीच्या डाव्या बाजूला लावायची. सर्वांत वरच्या मानाचं पदक छातीच्या मध्याकडं, बाकीची तिथून खांद्याच्या दिशेनं. बहुतेकांची पदकं एका पट्टीवर बसवलेली असतात. ती पट्टी उलटी लागली की क्रमही उलटा होतो. तेव्हा घरून निघायच्या आधी एकदा नजर टाका.

ब्लेझरवर पट्टी नीट बसते. पातळ सुती सदऱ्यावर ती खाली ओढली जाते, पुढं झुकते आणि कापड फाटतं. त्यासाठी सदऱ्याच्या आतून, खिशाच्या वरच्या कडेला, जाड कापडाची दुहेरी पट्टी ठेवा. चार बोटं रुंद आणि वीतभर लांब पुरते. पिन दोन्ही कापडांतून आरपार जाऊ द्या. एका पिनेवर भरवसा ठेवू नका, दोन्ही टोकांना पिना हव्यात.

पदकं वर्षानुवर्षं पेटीत राहिलेली असतात, काळवंडतात. मग घरातलं कुणीतरी राख, चिंच किंवा भांड्यांच्या पावडरीनं घासून चकाकवतं. असं कधीही करू देऊ नका. बऱ्याचशा पदकांच्या कडेवर सैन्य क्रमांक, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. घासल्यावर आधी तेच झिजतं आणि ते गेलं की पदक कुणाचं ते सांगता येत नाही. रिबिन आधी सोडवून घ्या. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून मऊ कापडानं धातू पुसा, लगेच कोरडा करा. रिबिन धुवायची नाही, रंग एकमेकांत उतरतात. विटलेली असेल तर छावणीतल्या बाजारात सैन्याचं सामान विकणाऱ्या दुकानांत तशीच नवी मिळते. जुनी रिबिन मात्र त्यांच्याकडंच परत द्या.

आता वाचन. पदकांवरून सेवेचा अर्धा इतिहास कळतो. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. १९७१ साठी पूर्व आघाडीवर पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीवर पश्चिमी स्टार, शिवाय संग्राम मेडल. कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल, त्यातला स्टार प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रातल्यांना. सियाचीन ग्लेशियर मेडल वेगळं. ९, २० आणि ३० वर्षांच्या दीर्घ सेवेची पदकं वेगळी. सैन्य सेवा मेडलच्या रिबिनीवर 'जम्मू-काश्मीर' किंवा 'हिमालय' अशी धातूची छोटी पट्टी दिसली तर ती सेवा कुठं झाली ते सांगते. ही सगळी 'शौर्यपदकं' नाहीत. सूत्रसंचालकानं सरसकट 'शौर्यपदक विजेते' म्हटलं की जाणत्या माणसाला ते टोचतं. शौर्यासाठीची पदकं म्हणजे परमवीर, महावीर, वीर चक्र, अशोक, कीर्ती, शौर्य चक्र, सेना मेडल या जातीची. मोहिमेचं पदक कमी मोलाचं नसतं. त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारा, एवढंच.

लेंडीकाठ

मग हार आणि शाल? दोन्ही घातले की पदकं झाकूनच जातात.

कयाधू

बरोबर. झेंडूचा जाड हार पदकांवर घासतो आणि ओल्या फुलांचे डाग रिबिनीवर पडतात. हाराऐवजी हातात गुलाबाची फुलं द्या. शाल फक्त उजव्या खांद्यावर ठेवा किंवा घडी करून दोन्ही हातांनी द्या. आणि बॅरेट (फौजेची मऊ गोल टोपी) घालून आलेल्या माणसाला फेटा बांधायला जाऊ नका. बॅरेटवर त्यांच्या रेजिमेंटचं चिन्ह असतं, ते उतरवायला लावणं हा मान नव्हे. जे धोतर-सदऱ्यात, उघड्या डोक्यानं येतील त्यांना फेटा जरूर बांधा, पण व्यासपीठावर नको. आठ-नऊ मीटर कापड असतं, घट्ट बसलं तर म्हाताऱ्या माणसाचं डोकं दुखतं. अर्धा तास आधी वर्गात बसवून बांधा, सैल-घट्ट विचारा.

मन्याड

हाराबद्दल थोडं वेगळं म्हणायचं आहे. आपल्या खेड्यांत हार नाही म्हणजे सत्कार नाही, असं घरच्यांना वाटतं. तो रिवाज मोडता येत नाही आणि मोडूही नये. वेशीत किंवा शाळेच्या फाटकात औक्षण करून हार घाला, फोटो तिथंच घ्या. मग हार काढून पोरांकडं द्या आणि व्यासपीठावर पदकं मोकळी राहू द्या. हे आधी घरच्यांना सांगून ठेवलं की कुणाला काही वाटत नाही.

खडूफळा

मुलांच्या तयारीबद्दल. पाचवी ते आठवीचे विद्यार्थी हे काम उत्तम करतात, पण आयत्या वेळी 'प्रश्न विचारा' म्हटलं की ठरलेले दोनच प्रश्न येतात: किती शत्रू मारले, आणि भीती वाटली का. पहिला प्रश्न येऊच द्यायचा नाही. तो का विचारायचा नाही हे वर्गात आधी समजावून सांगा. त्या आठवणीनं माणसाची रात्रीची झोप जाऊ शकते. सध्या कुठल्या चौकीवर किती तोफा, कुठली हत्यारं, हेही विचारायचं नाही.

चांगले प्रश्न वस्तूंचे आणि कामाचे असतात. काळ्या लोखंडी ट्रंकेवर पांढऱ्या रंगात काय काय लिहिलेलं असायचं? होल्डॉल (अंथरूण गुंडाळून न्यायची पट्ट्यांची पिशवी) कसा बांधायचा? बर्फात पाणी कसं मिळवायचे? घरचं पत्र यायला किती दिवस लागायचे? भरतीला किती धावायला लावलं? पेन्शन येऊन गावात आल्यावर पहिल्या वर्षी कुठली गोष्ट जड गेली? असं विचारलं की न बोलणारा माणूससुद्धा खुलतो. शक्य असेल तर ती ट्रंकच शाळेत आणायची विनंती करा. फोटो काढताना तिच्यावरचा क्रमांक कागदानं झाका.

सगळे लढणाऱ्या पलटणीतच नव्हते. आपल्याकडचे कितीतरी जण ड्रायव्हर, आचारी, मेकॅनिक, सिग्नलमन, मेडिकल असिस्टंट म्हणून राहिले. 'मी काय, फक्त गाडी चालवायचो' असं ते म्हणतात. तिथं मुलांना पुढचा प्रश्न आला पाहिजे: कुठल्या रस्त्यावर? काय भरून? बर्फ पडला की साखळ्या चाकाला कशा लावायच्या? हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण मान इथंच मिळतो.

वर्गात भारताचा नकाशा लावा आणि गावापासून दोरा ओढा. मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिकरोडला, रणगाड्यांचं अहिल्यानगरला. तिथून पुढं जिथं जिथं बदली झाली तिथं टाचणी. पत्त्याची गंमत मुलांना फार आवडते: सैनिकाच्या पत्रावर गावाचं नाव नसायचंच, नुसतं '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' (एपीओ म्हणजे सैन्याचं टपाल कार्यालय). पहिल्याचं टपाल दिल्लीतून वाटलं जायचं, दुसऱ्याचं कोलकात्यातून. मुलांनी त्याच पद्धतीनं एकेक पत्र लिहून कार्यक्रमात द्यावं. पत्र हातानं लिहिलेलं, आठ-दहा ओळींचं, आणि अक्षर मोठं हवं, कारण वाचणाऱ्याचं वय सत्तरीपुढचं आहे.

गोदातीर

शब्दांबद्दल तीन गोष्टी.

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, सत्कार ठेवला तर 'स्वातंत्र्यसैनिक' आणि 'माजी सैनिक' यांची सरमिसळ हमखास होते. निजामाविरुद्ध लढलेले स्वातंत्र्यसैनिक वेगळे. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत आलेली भारतीय फौज वेगळी. आणि आज गावात असलेले माजी सैनिक त्याहून वेगळे. दोघांचा मान एका दिवशी करायला हरकत नाही. पण मुलांना हा फरक आधी फळ्यावर लिहून शिकवा.

सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ, आयटीबीपी अशा निमलष्करी दलांतून आलेल्यांना सरकारी व्याख्येत 'माजी सैनिक' धरत नाहीत, ती व्याख्या भूदल, नौदल आणि हवाई दलापुरती आहे. त्यांना बोलवायचं नाही असा याचा अर्थ नव्हे. बोलवा, आणि त्यांच्या दलाचं नाव जसंच्या तसं लिहा.

वीरगती मिळालेल्यांच्या घरच्यांसाठी वीरपत्नी, वीरमाता, वीरपिता हे शब्द वापरा. 'बिचाऱ्या' छापाची वाक्यं निवेदनातून काढून टाका.

पूर्णाकाठ

झेंडावंदन त्यांच्या हातून करायचं ठरलं तर शाळा व्यवस्थापन समितीत आधी ठराव घ्या. ऐन वेळी सरपंच की सैनिक, असा वाद त्यांच्यासमोर होऊ देऊ नका.

१५ ऑगस्टला ध्वज खालून वर चढवतात, २६ जानेवारीला वर बांधलेला ध्वज फडकवतात. दुसऱ्या प्रकारात गाठ अडकते. कारण बहुतेक वेळा एकच, घट्ट आवळलेली गाठ आणि आत कोंबलेली ओली फुलं. ओल्या पाकळ्यांनी कापड चिकटतं. कोरड्या पाकळ्या मूठभर टाका, सरकगाठ मारा, आदल्या संध्याकाळी निदान तीनदा ओढून बघा. कप्पीला तेल द्या. पंचाहत्तरीच्या माणसाचा खांदा वर जात नाही, तेव्हा दोरी हलकी चालली पाहिजे. बाजूला एक शिक्षक उभा ठेवा, पण हात त्यांचाच लागू द्या.

ध्वजाची लांबी-रुंदी ३:२. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिस्टरचा आणि यंत्रावर विणलेलाही चालतो. टेबलावर तिरंगी कापड अंथरू नका. ध्वजाच्या चित्रावर नावं छापू नका, ध्वजावर अक्षर चालत नाही.

मन्याड

व्यवस्थेचं थोडक्यात. एकूण पंचेचाळीस मिनिटं. परिचय तीन मिनिटं, आणि तो ज्या विद्यार्थ्यानं घरी जाऊन माहिती आणली त्यानंच द्यायचा. मुलांची प्रश्नोत्तरं वीस मिनिटं. सैनिकाचं स्वतःचं बोलणं हवं तेवढं. पाहुण्यांचे आपसातले सत्कार बंद, नाहीतर त्यातच पाऊण तास जातो आणि उन्हात बसलेली पोरं चुळबुळ करतात.

हाताची खुर्ची द्या, बिनहाताच्या प्लास्टिक खुर्चीतून उठताना तोल जातो. व्यासपीठाला पायऱ्या असतील तर खालीच बसवा, मुलं समोर अर्धगोलात. तोफखान्यात राहिलेल्यांना बऱ्याचदा कमी ऐकू येतं. प्रश्न विचारणारं मूल त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला उभं करा, कुठला कान ते आधी विचारून घ्या. ऐकण्याचं मशीन लावणाऱ्याच्या कानाशी हलगी आणि कर्णा नको. फटाके अजिबात नकोत, स्वागतालासुद्धा. वीज जाणार हे धरून बॅटरीवरचा स्पीकर ठेवा. पिण्याचं पाणी, जवळचं स्वच्छतागृह आणि गोळ्यांची वेळ या तीन गोष्टी घरच्यांना विचारून कागदावर लिहून घ्या. बीपी-शुगरच्या माणसाला अकरा वाजेपर्यंत उपाशी ठेवायचं नसतं.

लेंडीकाठ

सैनिक हयात नसेल आणि पत्नी येणार असतील तर? पदकं त्यांनी लावायची का?

कयाधू

वीरगती मिळालेल्या सैनिकाची पदकं जवळच्या नातलगांनी श्रद्धांजलीच्या प्रसंगी छातीच्या उजव्या बाजूला लावायची असतात. डावी बाजू ज्यानं मिळवली त्याची. शाळेत मात्र त्यांना अवघड वाटत असेल तर आग्रह नको. पदकांची पट्टी मखमलीच्या तुकड्यावर, फोटोसमोर ठेवा. आणि सैनिक हयात असतानाही पत्नीला शेजारी खुर्ची द्या, प्रश्नही विचारा. वीस वर्षं शेत, सासू-सासरे आणि लेकरं त्यांनी सांभाळली. पत्रं कोण वाचून दाखवायचं, पैसे मनीऑर्डरनं कधी यायचे, हे त्यांच्याइतकं कुणी सांगू शकत नाही.

सिंदफणा

ध्वज दिनाच्या निधीचं राहिलं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून ध्वज दिनाचे स्टिकर आणि छोटे ध्वज मिळतेत. लाल, गडद निळा, फिकट निळा असे तीन रंग, तिन्ही दलांचे. जमा रक्कम पावतीनं तिथंच भरायची, शाळेच्या खर्चात वळवायची नाही. गावात किती माजी सैनिक हेत हे धुंडायलाबी त्याच कार्यालयात आधी जाऊन या.

तेरणाकाठ

सगळ्यांचे आभार, हे एकत्र करून ठेवतो. एक भर फलकाची.

'आपल्या गावचे सैनिक' असा फलक करायचा तर फ्लेक्स नको. आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात अक्षरं उडतात. चार फूट बाय तीन फूट पत्रा घ्या, आधी रेड ऑक्साइडचा हात, मग इनॅमलचे दोन हात, आणि अक्षरं पेंटरकडून. दोन इंच उंचीचं अक्षर वीसेक फुटांवरून वाचता येतं. त्याहून बारीक नको. नाव, हुद्दा, रेजिमेंट किंवा कोअर, कधीपासून कधीपर्यंत, बस्स. पेंटरला देण्याआधी मजकुराचा कागद प्रत्येकाच्या घरी नेऊन वाचून दाखवा आणि 'बरोबर आहे' अशी सही घ्या. पत्रा व्हरांड्यात लावा, पश्चिमेच्या भिंतीवर नको. आणि खालचा एक तृतीयांश भाग कोरा सोडा, भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं प्रत्येक गावात आहेत.